केबिनमधली शिदोरी

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावात कांदा भरून लांबच्या पल्ल्याला निघालेल्या चालकबंधूंसाठी आजचा हा भाग.

ढाब्यावर ‘भाजीत तेल कमी’ म्हणायला लाजू नका. तर्रीवर ताव मारला की तासाभरात डोळे जड होतात. रात्री गाडी चालवायची असेल तर हलकंच जेवा. घरून ज्वारी-बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, पहिला दिवस निभावतो. पुढे फुटाणे, केळी, धुतलेले पेरू. चहा खुशाल प्या, पण दर थांब्यावर दोन चमचे साखर, हा हिशेब वाढतच जातो.

लघवीला थांबावं लागतं म्हणून पाणी टाळणं तर फारच वाईट. मुतखड्याला ते आमंत्रणच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये. हात थरथरले, घाम फुटला तर गाडी बाजूला लावा आणि लगेच साखर किंवा गूळ खा. बरं वाटेपर्यंत निघू नका.

मालकमंडळींसाठीही एक गोष्ट. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा; २०२५ पर्यंत तो लागू होता. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती त्यात सांगितली होती. तेवढ्यात जेवण निवांत होतं.