सुनावणीला जायचं, पण वाचून जायचं
(गावसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)



खाणीच्या जनसुनावणीची नोटीस निघाली तेव्हापासून गावागावात दोन मतं चालू आहेत. काही जण म्हणतात, बहिष्कार टाकू. आपण गेलोच नाही तर सुनावणी होईल कशी? मला हे पटत नाही.

१४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. त्यात लिहून ठेवलंय की सुनावणी सुरू करायला कोरम लागत नाही. म्हणजे मांडव रिकामा असला तरी सुनावणी झाली असा कागद वर जाणार. आपण घरी बसून राग धरायचा आणि तिकडे लिहिलं जाणार, कोणाची हरकत आली नाही!

पण नुसतं जाऊन घोषणा देऊन आलो तरी काही होत नाही. कंपनीने पर्यावरण अहवाल केलेला असतो. त्याचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, प्रदूषण मंडळ इथे तो बघायला मिळतो. सुनावणीच्या निदान ३० दिवस आधी नोटीस पाहिजे. आणि सुनावणी खाणीच्या जागी नाहीतर तिच्या जवळ घ्यायची असते, जिल्ह्याच्या हॉलमध्ये नाही. तिथे बोलावलं तर पहिली लेखी हरकत हीच.

अहवालात काय बघायचं? पाणी. ही मोजणी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असते. आता सांगा, नाला लाल होतो कधी? पहिल्या पावसात, जेव्हा खाणीची माती वाहून शेतात येते. मे महिन्यात कोरड्या नाल्यात काय मोजणार? हे आपल्या म्हाताऱ्या बाईलाही कळते, आणि तिनेच ते माईकवर सांगावं. मोहफूल, तेंदू, चारोळी कुठल्या भागात निघते, बोड्या किती, देवाची जागा कुठे, हे अहवालात नसेल तर एकेक करून नोंदवायला लावा. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. शेवटी सगळी नोंद आपल्या भाषेत वाचून दाखवायची असते. ती ऐकल्याशिवाय उठायचं नाही. जेवणाची गाडी आली तरी नाही!

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. सुनावणीत मत मोजत नाहीत, फक्त लिहून घेतात. ‘नाही’ला वजन येते ते ग्रामसभेत. ओडिशात नियमगिरी डोंगरावर वेदांताला बॉक्साइट पाहिजे होतं. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या वनहक्काचा आणि देवाच्या हक्काचा विचार ग्रामसभांनी करावा. १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश बसले होते, आणि बाराही गावं नाही म्हणाली. पुढच्या वर्षी मंत्रालयानेही परवानगी नाकारली. तो कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, आपल्यालाही आहे. ज्या गावाचे सामूहिक दावे अजून पडून आहेत, त्यांनी आधी ते बघावे.

आता जुन्या खाणीचं. परवानगी मिळाली म्हणजे कंपनी मोकळी, असं नाही. परवानगीसोबत अटी असतात. त्या पाळल्या की नाही याचा अहवाल दर वर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो जाहीर कागद आहे, अर्ज केला की कोणालाही प्रत मिळाली पाहिजे. त्यात बहुतेक जागी ‘पालन केले’ एवढंच असते. झाडं लावली असं लिहिलं असेल तर पोरांनी जाऊन मोजावी. रस्त्यावर पाणी मारतो असं असेल तर बाजाराच्या दिवशी धूळ बघून तारीख लिहावी. ती वही सुनावणीत आपल्या हातात पाहिजे. जुन्या खाणीत जे पाळलं नाही ते नव्या खाणीत पाळतील, हे कशावरून, एवढं विचारायचं.

उद्या प्रत्येक गावातून एक बाई आणि एक पोरगा सारांश आणायला कलेक्टर ऑफिसला जातील. प्रत दिली नाही तर अर्जावर पोच घ्या. शनिवारी समाजमंदिरात वाचन आहे. ज्याला वाचता येत नाही त्याने तर नक्की यावं, नाल्याचं त्यालाच जास्त माहीत आहे.