चुनखडीचा गोटा कुठं जातो?

(कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. शक्यतो बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



मागच्या बैठकीत आमच्या गावच्या एका आजीनं विचारलं होतं, "बाई, हा गोटा त असाच पडून हाये. याच्या मागं एवढे लोक कायले लागले?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. वाचून आले. आज सांगते.

सिमेंट म्हणजे मुळात चुनखडी. ती मातीसोबत दळून भट्टीत भाजतात, तिचे काळे गोळे होतात. त्याला क्लिंकर म्हणतात. त्यात थोडा जिप्सम टाकून दळला की झालं सिमेंट. आता हिशोब पहा. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो चुना उरतो, बाकीचा वायू होऊन धुराड्यातून जातो. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. म्हणून गोटा दूर वाहून नेणं परवडत नाही, कारखानाच गोट्याजवळ येतो. कोरपना-राजुऱ्याकडे कारखाने कायले आले, ते यावरून समजते.

पण ज्या देशात गोटाच नाही, त्यानं काय करावं? बांगलादेश पहा. नद्यांच्या गाळाचा देश. चुनखडी थोडी, अन काही ठिकाणी फार खोल. तिथं घरं, पूल, रस्ते वाढले, सिमेंटचे कारखाने वाढले, पण माल बाहेरचा. बहुतेक कारखाने फक्त दळायचं काम करतात. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियाहून जहाजानं तयार क्लिंकर येतो. कच्चा गोटा मात्र बराचसा जवळून येतो, आपल्या मेघालयातून, खासी आदिवासींच्या डोंगरातून.

हे आजचं नाही. 1778 मध्ये सिलहटला आलेला इंग्रज कंपनीचा साहेब रॉबर्ट लिंडसे याच डोंगरातल्या चुन्याचा व्यापार करायचा. चुना होडीनं कलकत्त्याला जायचा. 1947 ला मधून सीमा गेली. डोंगर इकडे, सिलहट तिकडे. तोच माल आता 'आयात' झाला. पुढं 2006 मध्ये लाफार्ज कंपनीचा कारखाना सीमेपलीकडे छातकला सुरू झाला. नोंगत्राई गावच्या खाणीपासून तिथपर्यंत 17 किलोमीटरचा सरकता पट्टा टाकला. ट्रक नाही, हमाल नाही. गोटा पट्ट्यावर बसून परदेशात जातो.

आयातीच्या वहीत किती टन अन किती किंमत ते लिहितात. डोंगर कोणाचा होता ते लिहीत नाहीत. ते दुसऱ्या कागदात असते. त्या कागदाची गोष्ट ऐका.

खासी लोकांत जमीन कुळाची अन गावाची असते. खाणीची परवानगी मागताना कागदावर आलं, इथं जंगल नाही. त्यावर 2001 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढं केंद्राच्या वनाधिकाऱ्यानं जागेवर जाऊन पाहिलं अन लिहिलं, हे तर जंगल आहे! शेल्ला भागातले लोकही विरोधात कोर्टात होते. फेब्रुवारी 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं खाण थांबवली. पट्टा थांबला, छातकच्या कारखान्याचा गोटा बंद झाला. एवढा मोठा कारखाना, पण उभा होता "जंगल नाही" या एका कागदावर.

जुलै 2011 मध्ये निकाल लागला अन खाण पुन्हा सुरू झाली. टनामागे 90 रुपये त्या भागातल्या लोकांच्या आरोग्य, शिक्षण, शेतीसाठी ठेवायची अट घातली. कोर्टानं एक गोष्ट धरली, ती म्हणजे नोंगत्राईच्या दरबारानं, म्हणजे गावसभेनं, खाणीला होकार दिला होता.

मी त्या गावाला नावं ठेवत नाही. पण एक गोष्ट मला टोचली. खासी लोकांत घर-जमीन आईकडून लेकीला जाते, तरी जुन्या रीतीनं दरबारात बाया बसत नाहीत. जिच्या नावानं वारसा चालतो, तीच होकार देताना बाहेर!

आता आपलं पाहू. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात काही लोक आले, डोंगराला भोकं पाडून नमुने घेऊन गेले. ग्रामसभेला विचारलं नाही. मी उतारा काढून पाहिला, तर आमच्या डोंगरापुढं लिहिलं आहे 'पोटखराब'. मोह, तेंदू, चारोळी देणारा, आमचा देव जिथं बसला तो डोंगर कागदात पोटखराब! तिकडं "जंगल नाही", इकडं "पोटखराब". म्हणून तीन कामं सांगते.

पहिलं, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा टाका. नकाशात प्रत्येक झरा, देवस्थान, मोहाची जागा दाखवा. मेंढा-लेखाला 2009 मध्ये हक्क मिळाला, तो असाच दावा टाकून.

दुसरं, ग्रामसभा खरी भरवा. वनहक्काच्या नियमात अर्धे लोक हजर पाहिजेत, अन हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया चुलीपाशी अन ठराव पास, असं चालणार नाही.

तिसरं, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. कागद वाचून दाखवा म्हणा. समजलं नाही तर पुन्हा वाचा म्हणा.

आजीला माझं उत्तर एवढंच आहे. गोटा असाच पडलेला नाही. त्यावर डोंगर उभा आहे, अन डोंगरावर आपण. त्यांचा सरकता पट्टा यायच्या आधी आपल्या हक्काचा पट्टा हातात पाहिजे.

जोहार! जिंदाबाद!