उचल आणि चौथा वाटा



कामासाठी गाव सोडणे आपल्या समाजास नवे नाही. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भातील खेड्यांतून आपले लोक गिरणीत गेले. तेथे बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पगार होता आणि शहरात मुलांना शाळा होती. ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली. नागपूर-नागभीड ही लहान गाडीही मोठ्या रुळांसाठी २०१९ मध्ये थांबली. आता आपली वाट दक्षिणेस वळली आहे.

नागभीडचा मुलूख धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी, कार्तिकात कापणी. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तिचे तलाव राहिले. परंतु ज्याला बांधीच नाही, त्याला तलावाचे पाणी काय कामाचे? चैत्रात मोह, वैशाखात तेंदूपाने. तेही थोड्या दिवसांचे काम. म्हणून पौषानंतर कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात खम्मम-वरंगलकडे मिरची तोडण्यास जातात. त्या कमाईवर कित्येक चुली पेटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गाव सोडणे हा दोष नव्हे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सडेतोड उत्तर दिले होते. प्रश्न एवढाच की, आपण कोणत्या अटीवर जातो? गिरणीत काम आधी आणि पगार नंतर होता. मुकादमाची उचल घेतली की पैसा आधी येतो, खर्चूनही जातो आणि काम मागे उरते. मग दर ठरविण्याचे, वजन तपासण्याचे, 'नाही' म्हणण्याचे बळ राहत नाही.

भगवान बुद्धांनी सिगाल गृहस्थास मिळकतीचे चार वाटे सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा संकटासाठी. उचलीवर चालणाऱ्या घरात चौथा वाटा पडतच नाही. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातील मिरचीच्या शेतातून छत्तीसगडकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मजूर मुलगी वाटेतच मरण पावली. ती आपल्या घरची नव्हती, म्हणून आपण स्वस्थ बसावे काय?

तेव्हा एवढे करा. एकेकटे जाऊ नका; पाच-दहा घरे मिळून दर ठरवा आणि तो लिहून घ्या. रोजचे वजन वहीत मांडा. ते काम शिकलेल्या मुलीकडे द्या. गावीच काम हवे असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या व पोच घ्या. महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला आहे. मुलांना शेतात नेऊ नका. सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा २००९ च्या कायद्याने त्यांचा हक्क आहे. त्यांना आजीपाशी ठेवा किंवा जेथे जाल तेथील शाळेत घाला. परत आल्यावर लग्नाच्या मांडवापूर्वी चौथा वाटा घरच्या बाईच्या नावे बँकेत ठेवा.

पुढच्या पौषात जावे लागले तरी उचल न घेता जाता यावे, एवढी शिल्लक घरात असू द्या. दर ठरविण्याचे बळ त्या शिल्लकीतच आहे.

जयभीम!