सारागढी : राख झालेली चौकी, तेवत राहिलेली स्मृती



राष्ट्राचा इतिहास केवळ राजवाड्यांत आणि गडकोटांतच लिहिलेला नसतो. कधी कधी तो दगडमातीच्या एखाद्या क्षुल्लक खोपट्यातही लिहिला जातो. सिंधूच्या पलीकडे, कोहाटच्या पश्चिमेस, समाना नावाची डोंगररांग आहे. आज हा प्रदेश पाकिस्तानात आहे. १८९१ साली इंग्रजांनी ही रांग ताब्यात घेतली आणि तिच्यावर लॉकहार्ट व गुलिस्तान हे दोन किल्ले राखले. डोंगराच्या चढउतारामुळे एका किल्ल्यावरून दुसरा दिसत नसे. म्हणून दोहोंच्या मधल्या उंचवट्यावर एक छोटी चौकी उभारण्यात आली. तिचे नाव सारागढी.

वास्तू म्हणून तिचे वर्णन दोन ओळींत संपते. बंदुकीसाठी भोके ठेवलेली दगडी भिंत, आत शिपायांची राहण्याची जागा, एक लाकडी दरवाजा आणि संदेशासाठी एक बुरूज. त्या बुरुजावर हेलिओग्राफ होता. सूर्यकिरण आरशावर घेऊन, त्यांच्या उघडझापीने एका किल्ल्याचा निरोप दुसऱ्या किल्ल्यास पोहोचविणे, हेच या चौकीचे काम. दोन्ही किल्ल्यांचे डोळे आणि वाणी म्हणजे सारागढी.

१८९७ साली सरहद्दीवरील टोळ्यांनी उठाव केला. १२ सप्टेंबरच्या सकाळी अफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांच्या हजारो लढवय्यांनी चौकीला वेढा घातला. आत ३६ व्या शीख पलटणीचे हवालदार ईशर सिंह आणि त्यांचे वीस सहकारी, असे एकवीस जण होते. लॉकहार्टवर कर्नल हॉटन होते. परंतु त्यांच्याजवळील शिबंदी तुटपुंजी, आणि मधली वाट शत्रूने रोखलेली. मदत येणार नाही, हे एकवीस जणांना कळून चुकले होते. तरीही कोणी शस्त्र खाली ठेवले नाही.

ज्याच्या हाती हेलिओग्राफ होता, तो गुरमुख सिंह लढाईचा क्षणाक्षणाचा वृत्तान्त लॉकहार्टला कळवीत होता. शत्रूने झाडोरा पेटवून धुराचा पडदा उभा केला. भिंतीच्या एका कोपऱ्यालगतची जागा आतल्या नेमबाजांच्या टप्प्यात येत नसे. बांधणीतला हाच दोष हेरून हल्लेखोरांनी तेथे भिंत खणली आणि खिंडार पाडले. अखेरीस गुरमुख सिंहाने यंत्र बंद करून बंदूक उचलण्याची अनुमती मागितली. ती मिळाल्यावर त्याने यंत्र व्यवस्थित आवरले आणि मगच तो लढण्यास सज्ज झाला. मृत्यू दारात उभा असताना पाळलेली ही शिस्त कोणत्याही कवायतीच्या मैदानावर शिकविता येत नाही. दुपार कलण्यापूर्वी एकवीसही वीर धारातीर्थी पडले. चौकीत एक नि:शस्त्र सेवकही होता. तोही वाचला नाही. पदकांच्या यादीत मात्र त्याचे नाव आले नाही. स्मरण करताना त्याचाही विसर पडू नये.

या झुंजीत गेलेला वेळ वाया गेला नाही. गुलिस्तान टिकून राहिले आणि १४ सप्टेंबरला तेथे मदत पोहोचली. एकवीसही वीरांना 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' देण्यात आले. भारतीय शिपायास त्या काळी मिळू शकणारे शौर्याचे ते सर्वोच्च पदक होते. कारण व्हिक्टोरिया क्रॉस १९११ पर्यंत त्याच्यासाठी खुलाच नव्हता. शौर्य समान, सन्मान मात्र असमान!

येथे एक प्रश्न विचारला जातो : हे वीर तर इंग्रजांच्या चाकरीत लढले, मग त्यांचा अभिमान का बाळगावा? प्रश्न टाळण्यासारखा नाही. साम्राज्य परक्यांचे होते, सरहद्दीचे धोरणही परक्यांचेच होते. परंतु एकवीस जणांना मृत्यूसमोर उभे ठेवणारे बळ लंडनहून आलेले नव्हते. ते दशमेश गुरू गोविंदसिंहांनी १६९९ साली आनंदपुरास स्थापिलेल्या खालशाच्या परंपरेतून आले होते. त्याच गुरूंची अखेरची कर्मभूमी आपले नांदेड आहे, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. राज्यकर्ते गेले, परंपरा मात्र राहिली. तीच पलटण आज भारतीय सेनेत शीख रेजिमेंटची चौथी बटालियन आहे. १९६२ साली वालोंगला आणि १९६५ साली बर्कीला ती स्वतंत्र भारताच्या ध्वजाखाली लढली.

सारागढीच्या गौरवाला खोट्या अलंकारांची गरज नाही. युनेस्कोच्या यादीत या लढाईची नोंद आहे, असे वारंवार सांगितले जाते. अशी कोणतीही यादी नाही. जे घडले तेच इतके तेजस्वी आहे, की त्याला अतिशयोक्तीचा मुलामा देणे हा त्या वीरांचाच अवमान होय.

ती चौकी आगीत भस्मसात झाली. परंतु १९०४ साली फिरोजपूरला तिच्या स्मरणार्थ गुरुद्वारा उभा राहिला आणि एकवीस नावे त्याच्या भिंतीवर कोरली गेली. दरवर्षी १२ सप्टेंबरला तेथे वीरांना मानवंदना दिली जाते. समानावरची भूमी आज आपल्या सीमेबाहेर आहे. स्मृती मात्र आपल्या स्वाधीन आहे. भिंती शत्रू पाडू शकतो. स्मृती मात्र समाज स्वतःच्याच हातांनी, विस्मरणाने गमावतो. ते विस्मरण आपल्या घरांत शिरू न देणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.