स्वयंभू गंधार



ज्यांच्या हाती आज पदवीची सनद पडावयाची त्यांना उद्देशून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा विद्यापीठाने केली आणि विषयाची निवड कृपाळूपणे माझ्यावर सोपविली. अर्थकारण, राज्यकारभार आणि विज्ञान यांविषयी तुम्ही इतकी वर्षे इतके ऐकले आहे की त्यात काही मोलाची भर मला घालता येईल असा भरवसा वाटत नाही. म्हणून शाळेच्या वेळापत्रकात ज्या विषयाच्या वाट्याला बहुधा शनिवारचा शेवटचा तास येतो, त्या कलेविषयी, तिच्या स्वरूपाविषयी आणि तिच्या नाना रूपांविषयी बोलण्याची मुभा मी घेत आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र नावाचा राजा मार्कंडेय मुनींकडे येतो. त्याची मागणी माफक आहे: देवाची प्रतिमा शास्त्रशुद्ध कशी घडवावी, एवढेच त्याला समजून घ्यावयाचे आहे. मुनी म्हणतात, चित्रसूत्र जाणल्यावाचून प्रतिमालक्षण कळावयाचे नाही. बरे, मग चित्रसूत्रच सांगा, असे राजा म्हणतो. तेव्हा नृत्यशास्त्र ठाऊक नसेल त्याला चित्रसूत्र दुर्बोध आहे, असे उत्तर येते. नृत्य वाद्यावाचून उमगत नाही आणि वाद्य गीतावाचून, असे होत होत मूर्तीसाठी आलेला हा राजा गाण्याच्या, आणि तेथून भाषेच्या दाराशी जाऊन उभा राहतो. एखाद्या कुळाने उताऱ्यासाठी चावडीवर जावे, तलाठ्याने त्याला मामलेदाराकडे आणि मामलेदाराने प्रांताकडे धाडावे, तसाच हा प्रकार प्रथमदर्शनी वाटतो. फरक इतकाच की येथे प्रत्येक कचेरीत राजाच्या पदरात काही तरी खरोखरच पडते.

या संवादाचा दाखला व्याख्यानांतून वारंवार दिला जातो, आणि सर्व कला मूलतः एकच आहेत असा निष्कर्ष त्यातून काढून वक्ते मोकळे होतात. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. कला एकच असत्या, तर मुनींनी त्यांपैकी कोणतीही एक शिकवून राजाला निरोप दिला असता. प्रत्यक्षात त्यांनी प्रत्येकीचे नियम स्वतंत्रपणे सांगितले आणि राजाला एकीतूनही सूट दिली नाही. मूर्तिकाराला वा चित्रकाराला नृत्य का कळावे लागते, हे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे थोडा वेळ उभे राहिले की ध्यानी येते. मस्तक, धड आणि कटी यांचे तीन दिशांना झुकलेले ते भंग आधी नर्तकाच्या देहात उमटले, आणि माती व भुसा यांचा गिलावा करून वर चुन्याचा पातळ हात दिलेल्या भिंतीवर मागाहून उतरले. चित्रकाराने ते नर्तकापासून घेतले खरे. परंतु नर्तकाला जे क्षणात सोडून पुढे जावे लागते, ते चित्रकाराला दीड हजार वर्षे धरून ठेवावे लागले आहे, आणि एवढ्या एका भेदाने दोघांच्या विद्या निराळ्या होतात.

आपल्या भाषेत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर सर्व कलांच्या सौंदर्याची एकच घडी बसविण्याचा जो प्रयत्न केला, त्याच्या तर्कशुद्धतेविषयी मला पूर्ण आदर आहे. तथापि जो नियम गाण्याला, मूर्तीला आणि कवितेला सारखाच लागू पडतो, तो त्यांपैकी कोणत्याही एकीविषयी फारसे सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे. कलेचे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर तिचे माध्यम कलावंताला काय करू देत नाही, तेथून प्रारंभ करावा, हे माझे आजचे प्रतिपादन.

वेरूळचा कैलास पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या अमदानीत, आठव्या शतकात, डोंगराच्या काळ्या कातळात वरून खाली खोदत आणलेले हे देवालय आहे. प्रथम तीन बाजूंनी खंदक खणून मधला खडक मोकळा केला, आणि त्या मोकळ्या खडकातून आधी शिखर, मग मंडपाचे छत, मग भिंती आणि स्तंभ, आणि सर्वांच्या शेवटी देवालय पाठीवर तोलून धरणारे हत्ती, अशा उलट्या क्रमाने काम उतरत गेले. मागचा कडा शंभर फुटांहून अधिक उंच आहे. गवंड्याला चुकीचा दगड उपसून दुसरा बसविता येतो; येथे उडविलेला कातळ परत आणण्याची सोय नव्हती. शिखरावर पहिली छिन्नी ठेवतानाच, कित्येक वर्षांनी तळाशी ज्या हत्तीची सोंड घडावयाची तिच्यापुरता दगड कोठे राखून ठेवावयाचा, हे ठरलेले असले पाहिजे. आणि ज्याने ते ठरविले त्याने ती सोंड प्रत्यक्ष घडलेली पाहिली असेलच, असेही खात्रीने म्हणवत नाही.

हे वरून खाली का, याचे लोकांनी दिलेले उत्तर मोठे मनोहर आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त अशी कथा येते की राजाच्या दुखण्यात राणीने देवालयाचा नवस केला आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला. इतर स्थपतींनी महिन्यांची मुदत मागितली. पैठणच्या कोकसाने मात्र आठवड्यात शिखर दाखवितो असे सांगून माथ्यापासूनच हात घातला. इतिहास म्हणून या कथेला दप्तरी आधार नाही, परंतु अडचणीच्या पोटी रीत जन्माला येते एवढे तिच्या कर्त्याने अचूक ओळखले होते. ज्या गोष्टीला दप्तरी आधार आहे ती याहूनही विलक्षण आहे. बडोद्यास सापडलेल्या, राष्ट्रकूट कर्काच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात या देवालयाचे वर्णन आहे. ते पाहून विमानातून जाणारे देव चकित झाले असे त्यात म्हटले आहे, आणि तेवढी अतिशयोक्ती दरबारी कवीला माफ असते. पण पुढे असेही म्हटले आहे की ज्याने ते घडविले तो शिल्पीही आपल्या हातून हे कसे झाले म्हणून विस्मयात पडला, आणि पुन्हा असे साधण्याचा धीर त्याला उरला नाही. जमीन इनाम दिल्याची नोंद करणाऱ्या सरकारी कागदात कलानिर्मितीविषयी इतके नेमके निरीक्षण सापडावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आमच्या सौंदर्यशास्त्राच्या कित्येक ग्रंथांत ते सापडत नाही.

इ. स. १७६६ मध्ये जर्मन पंडित लेसिंग याने 'लाओकून' या निबंधात शिल्प-चित्रादी अवकाशातल्या कला आणि काव्यासारखी काळात उलगडणारी कला अशी सरहद्द आखून दिली. ती कामाची आहे, पण कैलासाच्या प्रांगणात प्रदक्षिणा घालू लागलात की पुसट होते, कारण ते देवालय एका दृष्टिक्षेपात कोणालाच मिळत नाही. ते चालून, थांबून, मान वर करून, काळ खर्चूनच पाहावे लागते. सरहद्दीचा वाद मी येथेच सोडतो.

काळात नांदणाऱ्या कलांपैकी आपल्या गाण्याकडे वळताना मी गायकापेक्षा त्याच्या पाठीशी असलेल्या तंबोऱ्याकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सांगतात. हत्यारांना धार लावणे हा त्यांच्या शिकलगार घराण्याचा पिढीजाद धंदा. राज्ये गेली, तलवारी म्यानात पडून राहिल्या, धंदा बसला, आणि पोलादाची पारख असलेले ते हात तारांकडे वळले. भोपळा भीमेकाठच्या मळ्यांतून, पंढरपूरच्या बाजूने येतो. तो वाळवून, भिजवून, कापून त्याला आकार देतात आणि त्यावर लाकडाची दांडी व तबली चढते. येथवरचे काम एखादा कसबी सुतारही निभावून नेईल. खरी कसोटी घोडीपाशी लागते. चारही तारा जिच्यावरून जातात ती रुंद, चपटी घोडी दिसावयास सपाट असली तरी तिला डोळ्यांना न कळणारा उतार दिलेला असतो. कारागीर तिच्यावर कानस फिरवितो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस फिरवितो, आणि एखादा हात अधिक पडला तर घोडी वाया जाते. मग गवई तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा घालून तो सरकवीत बसतो. दोरा केसभर अलीकडे राहिला तर आवाज बद्द, केसभर पलीकडे गेला तर कर्कश. नेमक्या जागी आला म्हणजे तार जी गुंजन करू लागते तिला जवारी लागली असे म्हणतात.

आता या तारा कोणत्या स्वरांत मिळविलेल्या असतात? पहिली पंचमात, जोडाच्या दोन मध्य षड्जात, आणि शेवटची खर्जात. गंधाराची तार तंबोऱ्याला नसते. तरीही जवारी बरोबर लागली आणि तारा तंतोतंत मिळाल्या की खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागतो, आणि गवई लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांना याचे कारण ठाऊक आहे: तार अखंड कंप पावत असतानाच तिचे पाच समान भागही आपापल्या परीने कंप पावत असतात, आणि त्यांचा नाद म्हणजेच हा गंधार. तेव्हा यात चमत्कार काही नाही. परंतु तो कोणी लावलेला नाही, आणि तो लावता येतही नाही. जे लावता येते ते सर्व चोख लावल्यावर तो आपण होऊन येतो, आणि एक तार सुताइतकी उतरली तरी निघून जातो. बडोद्याच्या ताम्रपटातील शिल्पी ज्या विस्मयात पडला तो याच जातीचा होता, अशी माझी धारणा आहे. माध्यमाने घातलेली एकेक अट कलावंत मुकाट्याने पुरी करीत जातो, आणि त्या पूर्ततेतून असे काही उमटते जे त्याने हाताने तेथे ठेवलेले नसते. ते जेथे उमटते तेथे कला, आणि जेथे अटी पाळूनही उमटत नाही तेथे कसब, एवढाच भेद मला करता येतो. कसब हलके असे मात्र मी म्हणणार नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांचे वास्तव्य अखेरपर्यंत मिरजेत होते आणि जे १९३७ मध्ये निवर्तले, ते वाद्ये दुरुस्त करण्यात स्वतः निष्णात होते. त्यांच्या सुरेलपणाची जी ख्याती झाली तिचे एक मूळ या कानशीच्या कामात शोधणे मला गैर वाटत नाही.

सगळ्याच कला इतक्या सलोख्याने नांदत नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून गाणे आणि नाटक यांचा जो संसार महाराष्ट्रात सुरू झाला, त्यात भांडणे पुष्कळ झाली. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर बालगंधर्वांची रुक्मिणी गाऊ लागली आणि प्रेक्षागृहातून 'वन्समोअर'चा पुकारा उठला, म्हणजे द्वारकेच्या श्रीकृष्णालाही वाट पाहत थांबावे लागे. कथानकाचा काळ एकदा पुढे सरकला की मागे फिरत नाही, ही नाटकाची अट. आळवून आळवून तेच पुन्हा नव्याने म्हणावे, ही गाण्याची मुभा. दोहोंचा मेळ बसत नाही, आणि बसला नाहीच. नाटक म्हणून ते नुकसान होते हे मी कबूल करतो. पण ज्या घरांत खयालाचा सूर कधी शिरला नसता अशा घरांत तो त्या नुकसानीच्या वाटेने शिरला, आणि मला तो व्यवहार मंजूर आहे.

नवे माध्यम हाती येते तेव्हा त्याची अट कोणीच सांगत नाही, ती शोधावी लागते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे सर्व काही त्यांनी केले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली होती, आणि ती पाहूनच भांडवल देणारा राजी झाला. राजा, राणी, वनवास हे सारे नाटकातही होते. काळाची घडी घालता येते हे मात्र नाटकात नव्हते, आणि फाळक्यांनी प्रथम नेमके तेच हाती धरले.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन, नृत्य आणि आलेख्य यांच्या पंगतीलाच सुतारकाम आणि पोपट-मैनांना बोलावयास शिकविणे हीही बसलेली आहेत. ललित कला वेगळ्या खात्यात आणि हातकाम वेगळ्या खात्यात, ही विभागणी पुढे शाळा-कचेऱ्यांनी आपल्या सोयीसाठी केली, आणि त्या सोयीपायी गवयाला मानपत्र आणि त्याची घोडी घासणाऱ्याला रोजंदारी असा न्याय रूढ झाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दाखल्याने हात तयार होत नाहीत, आणि कानस फिरविताना कान द्यावयास शिकण्यात एखाद्या तरुणाची उमेदीची वर्षे जातात, तोपर्यंत त्याचे घर कोणी चालवावे याची तरतूद कोणत्याही दाखल्यात नसते.

तुमच्यापैकी कोणी उद्या कलावंत होतील, बहुसंख्य होणार नाहीत. कोणी जिल्हा कचेरीत, कोणी बँकेत, कोणी शिक्षण खात्यात जागा धरील. आणि केव्हा तरी एखाद्या सतारमेकराचा, विणकराचा वा मूर्तिकाराचा अर्ज, कर्जासाठी किंवा जागेसाठी, तुमच्या टेबलावर येईल. कायदा जे सांगेल तेच तुम्हाला करावे लागेल, हे मी जाणतो. माझी विनंती इतकीच आहे की त्यावर शेरा मारण्यापूर्वी एक दिवस त्याच्या दुकानी जा, त्याच्यापाशी बसा, आणि तंबोऱ्याला जवारी लागेपर्यंत उठू नका.