बहुमत आणि उपविधी : सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराची चौकट



रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 मध्ये मुंबईतील गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भाडेकरू म्हणून राहणाऱ्या मध्यमवर्गाला सामाईक मालकीचे घर मिळावे आणि त्या घराचा कारभार त्याच्याच हाती असावा, हा त्या प्रयत्नामागचा हेतू होता. आज महाराष्ट्रातील शहरांत सहकारी गृहनिर्माण संस्था हा निवासाचा रुळलेला प्रकार झाला आहे. तथापि ज्या नियमांवर ती उभी असते, ते नियम बहुसंख्य सभासदांनी कधी उघडूनही पाहिलेले नसतात, ही वस्तुस्थिती गृहनिर्माण संस्थांच्या प्रतिनिधींच्या या परिषदेने गांभीर्याने विचारात घ्यावी.

संस्थेला लागू होणाऱ्या नियमांची उतरंड समजून घेतल्याखेरीज तिच्या कारभाराचा विचार होऊ शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 हा मूळ कायदा असून त्याखाली शासनाने केलेले 1961 चे नियम त्याची अंमलबजावणी कशी व्हावी हे सांगतात, आणि 2019 च्या दुरुस्तीने या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आहे. त्यांच्या खाली उपविधी येतात. उपविधी म्हणजे संस्थेने आपल्या अंतर्गत कारभारासाठी स्वीकारलेले आणि निबंधकाने नोंदविलेले नियम. सहकार खात्याने तयार केलेले आदर्श उपविधी संस्थांपुढे नमुना म्हणून असतात आणि बहुतेक संस्था ते थोड्याफार फरकाने स्वीकारतात. सर्वांत शेवटी सर्वसाधारण सभेचे आणि व्यवस्थापक समितीचे ठराव येतात, व वरच्या पायरीशी विसंगत असलेला ठराव टिकत नाही.

उपविधींचे स्वरूप कायद्यासारखे की कराराचे, या प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात केला. संस्थेचे उपविधी हे कंपनीच्या नियमावलीप्रमाणे असून सभासदत्व स्वीकारणारी व्यक्ती त्यांनी बांधली जाते, असे त्या निकालाचे सूत्र आहे. म्हणजे उपविधी हा सभासदांनी परस्परांशी केलेला करार ठरतो, आणि करारातील एका पक्षाला दुसऱ्याच्या संमतीवाचून अटी बदलता येत नाहीत, तसेच सभेतील बहुसंख्यांनाही एका दुपारच्या ठरावाने उपविधी बाजूला सारता येत नाही. बदल हवाच असेल तर उपस्थित व मतदान करणाऱ्या सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने दुरुस्ती मंजूर व्हावी लागते, आणि निबंधकाने ती नोंदवेपर्यंत ती अमलात येत नाही. अधिनियमाच्या कलम 72 ने सर्वसाधारण सभेला अंतिम अधिकार दिला आहे, परंतु तो अधिनियम आणि नियम यांच्या अधीन राहूनच दिला आहे. या अधीनतेचा विसर पडणे हेच संस्थांतील बहुतेक वादांचे मूळ आहे.

दर महिन्याला दारात येणारे देखभालीचे बिल या तत्त्वाची उत्तम साक्ष देते. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क, म्हणजे पहारेकरी, सफाई, कार्यालय, सामाईक वीज आदींचा खर्च, सर्व सदनिकांवर समान विभागला जातो, कारण जिन्यावरील दिवा लहान घरापुढे कमी जळत नाही. पाणीपट्टी मात्र सदनिकेतील नळांची संख्या व आकार पाहून ठरते. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के आणि इमारतीच्या भविष्यातील मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याच्या सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के आकारणी होते. सदनिका भाड्याने दिल्यास लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि सभासदाचे जवळचे नातलग राहत असल्यास ते लागूही होत नाही. सदनिकेच्या हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार 25,000 रुपयांवर जाऊ शकत नाही, तर थकबाकीवरील व्याजाला सरळव्याजाने वार्षिक 21 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. भाडेकरूंच्या घरांवर दुप्पट आकारणी करणारा किंवा मोठ्या सदनिकांवर क्षेत्रफळाप्रमाणे सेवाशुल्क लादणारा ठराव सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, तरी तो या चौकटीबाहेरचाच राहतो.

उपविधींचे बंधन समितीवर जितके आहे तितकेच सभासदावरही आहे. थकबाकी वसूल करण्यासाठी संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला मिळू शकतो, तर सभासद आणि संस्था यांच्यातील कलम 91 खालील वाद सहकार न्यायालयापुढे नेता येतो. त्याच वेळी संस्थेचे हिशेब व इतिवृत्त पाहण्याचा सभासदाचा हक्क कागदावर न राहता कार्यालयात बजावला गेला पाहिजे. जी समिती इतिवृत्त वेळेवर लिहिते आणि मागणीनुसार दाखवते, तिच्याविरुद्धच्या तक्रारी आपोआप कमी होतात. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे होणे, ज्या इमारतींचे बाकी आहे तेथेही सभासदांची एकजूट याच पारदर्शकतेवर अवलंबून असते, कारण विकासक टाळाटाळ करीत असताना मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्यासाठी कागद आणि ठराव दोन्ही चोख असावे लागतात.

सहकाराचे सामर्थ्य सभासदांच्या संख्येत आहे, आणि त्याची नैतिकता त्या संख्येला मर्यादा घालणाऱ्या नियमांत आहे. विधवा सभासद किंवा लहान सदनिकेचा मालक सभेत अल्पमतात असतो आणि उपविधी हेच त्याचे संरक्षण असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावयाची असते. त्या सभेपूर्वी उपविधींची मराठी प्रत प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावी, आणि प्रत्येक आर्थिक ठरावाखाली तो कोणत्या उपविधीच्या आधारे मांडला आहे हे लिहूनच तो मतास टाकावा, असा संकल्प उपस्थित प्रतिनिधींनी या परिषदेत करावा.