भाड्याच्या घरांतील ओल

कोल्हापुरांत भाड्याचें घर पाहावयाचें असेल तर तें आषाढांत पाहावें; परंतु पुष्कळशीं बिऱ्हाडें बदलतात तीं वैशाखांत. शाळा-कॉलेजें उघडण्यापूर्वीं खोल्या रिकाम्या होतात, भिंतींवरून नुकताच रंगाचा हात फिरलेला असतो, खिडकींतून स्वच्छ ऊन आंत आलेलें असतें, आणि त्या प्रसन्न उजेडांत अनामत रक्कम दिली जाते. मग मृग येतो, आर्द्रा येते, पुष्याची झड लागते. जोत्यापासून हातभर उंचीवर एक काळपट रेघ उमटते. रंगाला फुगे येतात, कपाटांतील लुगड्यांना कुबट वास येऊं लागतो, आणि चामड्याच्या वहाणांवर हिरवट लव चढते. ज्या गांवच्या वहाणा जगभर जातात त्याच गांवीं हें व्हावें, ही गंमतच म्हणावयाची!

येथून मालक व भाडेकरू यांचा वाद सुरू होतो. मालक म्हणतो, खिडक्या लावून बसतां, ओले कपडे घरांत वाळवितां, म्हणून बुरशी. भाडेकरू म्हणतो, भिंतच पाणी पिते. दोघांनाही आपलेंच म्हणणें खरें वाटतें, आणि कधीं कधीं दोघांचेंही खरें असतें. म्हणून पहिला प्रश्न दोष कोणाचा हा नसून पाणी येतें कोठून हा आहे.

तें कौलांच्या वा गच्चीच्या फटींतून येतें, तुटक्या पन्हळीखालीं भिंतीवर सतत पडणाऱ्या धारेंतून येतें, शेजारच्या न्हाणीघराच्या फुटक्या नळांतून येतें. हीं कारणें डोळ्यांना दिसतात. जमिनींतून वर चढणारी ओल मात्र फसवी असते. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें पाणी वीट व माती यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें, बरोबर क्षार आणतें, आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर पांढरा लोणा उरतो. जुन्या पेठांतील वाड्यांच्या जाड भिंतींना चुन्याचा गिलावा असे. तो ओल धरी, पण उघडीप मिळतांच सोडूनही देई. पुढें दुरुस्ती म्हणून त्यावर सिमेंटचा टणक थर चढविण्यांत आला. त्यानें भिंत वरून कोरडी दिसूं लागली, पण आंतील पाण्याची वाट बंद झाली. मग तें थराच्या आडून आणखी वर चढतें आणि भलत्याच ठिकाणीं फुटतें. खर्च करून घर बिघडविण्याचें याहून चांगलें उदाहरण क्वचित् सांपडेल.

उरतें तें हवेंतील पाणी. स्वयंपाकाची वाफ, स्नानाची वाफ, दोरीवरचे कपडे यांचा दमटपणा थंड भिंतीला लागून तेथें द्रव होतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या हा उपदेश सोपा आहे, पण आषाढांत बाहेरची हवाच पाण्यानें भरलेली असते. तेव्हां वाफ जेथल्या तेथें बाहेर काढणें, पंखा चालूं ठेवणें व कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकविणें, एवढेंच हातीं राहतें. ओल आंतली कीं बाहेरची, हें ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करावा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा आणि दोन दिवस वाट पाहावी. खोलीकडील अंगावर दंव जमलें तर पाणी हवेंतलें. भिंतीकडील अंगावर जमलें तर पाणी भिंतींतलें. घरांतील पुष्कळ वाद या तुकड्यावर मिटण्यासारखे आहेत.

पुरानंतर कसोटीचीही गरज राहत नाहीं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, आणि शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, रमणमळा अशा भागांतील तळमजले बुडाले. भिजलेली भिंत वाळावयास दर इंच जाडीमागें महिना लागतो, असा बांधकामांतील ढोबळ अदमास आहे. म्हणजे नऊ इंची भिंत श्रावणांत भिजली तर ती उन्हाळ्यापर्यंत ओलीच. तरीही दिवाळीपूर्वीं तिच्यावर रंग चढवून "खोली भाड्यानें देणें आहे" ही पाटी लावण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

रंगाखालीं झांकलेली बुरशी मरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें स्पष्ट केलें कीं ओलसर, बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांस श्वसनाचे विकार व दम्याचा जोर यांचा धोका अधिक असतो. इंग्लंडांतील रॉचडेल येथें डिसेंबर २०२० मध्यें आवाब इशाक हें दोन वर्षांचें मूल दगावलें. घरांतील बुरशीचा दीर्घ संसर्ग हें त्याच्या मृत्यूचें कारण, असा निर्णय चौकशीअंतीं नोव्हेंबर २०२२ मध्यें देण्यांत आला. आईबापांनीं तक्रार केली होती. त्यांना बुरशीवर रंग लावण्यास सांगण्यांत आलें होतें. त्या मुलाच्या नांवानें तेथें पुढें कायदाच झाला.

महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचें १४ वें कलम घर राहण्याजोगें दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकतें. निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानें वाजवी मुदतींत दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूनें ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षांत ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक होतां कामा नये. दरमहा ८,००० रुपये भाडें असेल तर वर्षाचे ९६,००० होतात, आणि मर्यादा २४,००० ची. पन्हळ बदलण्यास हे पुरे. जोत्यांतील ओल थांबविण्यास बहुधा अपुरे. शिवाय करारांत भाडेकरूनेंच दुरुस्ती पत्करली असेल तर हें कलम त्याच्या मदतीस येत नाहीं. आणि अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीनें सहसा भाडेकरूच नसतो! त्याचा आधार म्हणजे नोंदलेला करार. म्हणून पन्हळ, गच्ची व नळ यांची दुरुस्ती कोणाकडे, हें सही करण्यापूर्वींच त्यांत लिहवून घ्यावें. आणि वैशाखाच्या त्या उजेडांत कपाट पुढें ओढून मागची भिंत पाहावी, गिलाव्यावर बोटानें ठोकून तो पोकळ वाजतो का तें ऐकावें, व शेजारणीस विचारावें कीं २०१९ सालीं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें.